वाकायामाशी मैत्री करार आहे, मग काटोलचा संत्रा जपानला का जात नाही?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही उत्तर कशाचं आहे ते कळेल. काटोल तालुक्यात तुमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. महाराष्ट्र सरकारचा जपानमधल्या वाकायामा प्रांताशी मैत्री आणि सहकार्याचा करार आहे आणि वाकायामा हा तिथला संत्र्याचा पट्टा आहे, असं तुमच्या वाचनात आलं. या कराराखाली तुमचा अंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी तोडणीला येणारा ताजा संत्रा जपानला पाठवता येईल का, आणि त्यासाठी मंत्रालयात कोणत्या खात्याकडे अर्ज करायचा, असं तुम्ही विचारलं आहे.

ताजा संत्रा आज जपानला जाऊ शकत नाही, आणि राज्याच्या करारामुळे तो जायला लागेल असंही नाही. पण म्हणून करार कुचकामी समजून सोडून दिलात तर नुकसान तुमचंच आहे. नागपुरात बसून मी बरीच वर्षं निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करतोय. फळं, मसाले, प्रक्रिया केलेला माल असं सगळं हाताखालून गेलं आहे. परदेशी शिष्टमंडळांच्या बैठकांनाही बसलो आहे. अशा बैठकांतून बगीचेवाले बहुतेक वेळा निराश होऊन बाहेर पडतात, आणि त्याचं कारण एकच असतं. जे मागायला ते आलेले असतात ते समोरच्या माणसाच्या हातात नसतं, आणि जे त्याच्या हातात असतं ते कोणी मागतच नाही. तुमची खरी अडचण हीच आहे. खातं कोणतं हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी करार काय आहे ते बघू. महाराष्ट्र आणि वाकायामा यांच्यातला सामंजस्य करार २०१३ मध्ये झाला. तेव्हा इथे पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री होते आणि तिकडे योशिनोबु निसाका गव्हर्नर होते. पर्यटन आणि अन्नप्रक्रिया हे त्यातले मुख्य विषय. पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये वाकायामातल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरण मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झालं. म्हणजे संबंध कागदापुरते राहिलेले नाहीत, दोन्हीकडून येणंजाणं आहे. पण हा करार दोन देशांमधला नाही. भारतातलं एक राज्य आणि जपानचा एक प्रांत यांच्यातला आहे. त्यात 'आम्ही एकमेकांना मदत करू, माणसं पाठवू, माहिती देऊ' असं लिहिलेलं असतं. शुल्क कमी करू किंवा फळाला परवानगी देऊ असं त्यात लिहिताच येत नाही.

का येत नाही, तर आपल्या संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्राची यादी आहे. तिच्यातली १० वी नोंद परराष्ट्र व्यवहाराची, १४ वी परदेशांशी करारमदार करण्याची आणि ४१ वी परदेशांशी व्यापार व आयात-निर्यातीची. शेती आणि पिकांवरच्या किडीरोगांचं नियंत्रण राज्याच्या यादीत आहे. त्यामुळे बगीच्याच्या कुंपणापर्यंत राज्याचं चालतं आणि फळ सीमाशुल्काच्या रेषेवर पोचलं की सगळा विषय केंद्राचा होतो. कर्जाचंही तसंच आहे. अनुच्छेद २९३ प्रमाणे राज्याला कर्ज देशाच्या आतच उभारता येतं. आपल्या नागपूर मेट्रोला जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचे ५० कोटी युरो आणि फ्रान्सच्या एएफडीचे १३ कोटी युरो मिळाले, पण ते करार केंद्र सरकारने केले. राज्यांना परदेशी प्रांतांशी संबंध जोडायला मदत व्हावी म्हणून परराष्ट्र मंत्रालयात ऑक्टोबर २०१४ मध्ये स्वतंत्र विभाग उघडला गेला, हे चांगलंच झालं. पण त्याने अधिकारांची वाटणी बदललेली नाही.

याचा चटका आपल्या भागाला बांगलादेशच्या बाबतीत बसलेला आहेच. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडचा ताजा संत्रा देशाबाहेर सर्वांत जास्त तिकडेच जात आला. २०१९ पासून त्यांनी आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवलं आणि २०२३ मध्ये ते किलोला ८८ टका (त्यांचं चलन, टक्केवारी नव्हे) इतकं केलं. तेव्हा राज्य सरकारला ढाक्याशी थेट बोलून शुल्क उतरवता आलं नाही. २०२३ च्या अखेरीस राज्याने शुल्काच्या निम्म्या रकमेइतकं अनुदान जाहीर केलं, कारण राज्याच्या हातात तेवढंच होतं. हे उदाहरण जपानचा विचार करताना डोळ्यासमोर ठेवा.

आता ताज्या फळाकडे येतो, कारण खरी अडचण इथे आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. जपानचा प्रश्न शुल्काचा नाही, फळमाशीचा आहे. आपल्याकडची फळमाशी फळाच्या आत अंडी घालते आणि आतली अळी वरून दिसत नाही. जपानने ही माशी आपल्या बेटांवरून मोठ्या कष्टाने संपवलेली आहे. त्यामुळे ती जिथे आहे त्या देशांमधून येणारी ताजी लिंबूवर्गीय फळं त्यांच्या वनस्पती संरक्षण कायद्यात सरसकट बंद आहेत, आणि भारत त्या यादीत आहे. वाकायामाच्या गव्हर्नरांनी ठरवलं तरी हे बदलणार नाही. उलट, संत्रा हेच ज्यांच्या शेतकऱ्यांचं मुख्य पीक आहे तो प्रांत बाहेरून माशी येण्याला सर्वांत जास्त घाबरणार. आपण त्यांच्या जागी असतो तर आपणही तेच केलं असतं.

मग आंबा कसा जातो, असं तुम्ही विचाराल. भारतीय आंबा जपानने १९८६ मध्ये बंद केला आणि २००६ मध्ये पुन्हा उघडला. मधल्या वीस वर्षांत काय घडलं याकडे लक्ष द्या. गरम वाफेत फळाचा गाभा ४७.५ अंशांवर २० मिनिटं ठेवला की अंडी आणि अळ्या मरतात, पण आंबा खराब होत नाही, हे प्रयोगांनी सिद्ध करून दाखवावं लागलं. ते हापूस, केसर, लंगडा अशा ठरावीक जातींसाठी मान्य झालं. कृषी पणन मंडळाने वाशीला त्यासाठीचं केंद्र उभारलं. जपानी निरीक्षक हंगामात येऊन प्रक्रिया स्वतः पाहतात, असं त्या व्यवस्थेत ठरलेलं आहे. ही सगळी बोलणी दिल्ली आणि टोकियो यांच्यात झाली.

संत्र्यासाठी हेच करायचं तर आणखी एक पेच आहे. लिंबूवर्गीय फळांसाठी जगभर सहसा थंडीची प्रक्रिया वापरतात. फळ शून्य ते दोन-तीन अंशांवर साधारण दोन आठवडे किंवा जास्त ठेवतात. आपल्या नागपुरी संत्र्याच्या साठवणुकीसाठी सुचवलेलं तापमान मात्र सहा-सात अंशांच्या आसपास आहे. त्याच्या बरंच खाली फार दिवस ठेवलं तर सालीला थंडी बाधते आणि डाग पडतात. म्हणजे माशी मारणारी थंडी आणि आपला संत्रा सोसतो ती थंडी, यांत अंतर आहे. ते कसं मिटवायचं हे शास्त्रज्ञांचं काम आहे. अमरावती रोडवरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था तुमच्यापासून दूर नाही, तिथे जाऊन हा प्रश्न विचाराच. प्रक्रियेची आकडेवारी तयार असेल तरच केंद्राच्या कृषी मंत्रालयातला वनस्पती संरक्षण विभाग ती जपानपुढे ठेवू शकतो. राज्याकडे तुम्ही एवढंच मागू शकता, आणि मागायलाही हवं, की बाजारपेठ उघडण्याच्या केंद्राच्या प्राधान्ययादीत नागपुरी संत्रा घालावा म्हणून लिहा.

समजा, उद्या परवानगी मिळालीच. तरी अंबिया बहाराचा माल जपानला नेण्याचा सल्ला मी देणार नाही. आपला अंबिया ऑक्टोबर ते डिसेंबरात तोडला जातो. वाकायामाचा मिकान, म्हणजे तिथला संत्रा, नेमका त्याच काळात बाजारात असतो. ते फळ बिनबियांचं, पातळ सालीचं, एकसारख्या आकाराचं. अरिदा खोऱ्यातला मिकान तर तिथल्या घराघरांत ठाऊक आहे. आपल्या संत्र्याची आंबटगोड चव मला त्याहून जास्त आवडते, हे मनापासून सांगतो. पण त्यात बिया आहेत आणि तिथल्या ग्राहकाला त्यांची सवय नाही. मृग बहाराचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, तेव्हा मिकान ओसरलेला असतो. मात्र तेव्हा त्यांची हस्साकूसारखी उशिराची लिंबूवर्गीय फळं येतात, आणि त्यांतही वाकायामा पुढे आहे. शिवाय न्हावा शेवाहून जहाजाला साधारण तीन आठवडे लागतात. त्याआधी नागपूरहून बंदरापर्यंतचा प्रवास वेगळा.

इथून पुढचं उत्तर तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमच्याकडे रस काढायची सोय आहे का, की फक्त प्रतवारीचं शेड आहे? सभासद बगीचा उक्ता, म्हणजे झाडावरचं सगळं फळ एकरकमी ठरवून व्यापाऱ्याला, देऊन टाकतात, की तोडणी कंपनीच्या हातात आहे? फवारणीच्या नोंदी आहेत का? हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

प्रक्रिया केलेल्या मालाचा मार्ग खुला आहे. रस, मार्मालेड, सालीचं तेल यांना फळमाशीचा नियम आडवा येत नाही, कारण त्यांत जिवंत अळी राहूच शकत नाही. वाळवलेल्या सालीचं तेवढं आधी विचारून घ्या. अशा मालाला त्यांचा अन्नस्वच्छता कायदा लागू होतो, आणि तिथे गाठ पडते कीटकनाशकांच्या अंशांशी. मे २००६ पासून जपानचा नियम असा आहे की ज्या औषधाची मर्यादा एखाद्या पिकासाठी वेगळी ठरवलेली नाही, त्याला ०.०१ पीपीएम लागू. म्हणजे शंभर टन मालात एक ग्रॅम. शेजाऱ्याच्या कपाशीवरची फवारणी वाऱ्याने बगीच्यावर आली तरी एवढा अंश सापडू शकतो. मार्मालेड आणि तेल सालीपासून होतात, आणि औषध सर्वांत जास्त सालीतच राहतं. बगीचा उक्ता दिला की शेवटच्या महिन्यात कोणी काय फवारलं हे सांगणारं कोणी उरत नाही. माझ्या पाहण्यात निर्यातीचा बेत सर्वाधिक वेळा इथेच मोडतो. म्हणून तोडणी आणि फवारणी दोन्ही स्वतःच्या ताब्यात असलेले सभासद आधी निवडा. ते थोडे असले तरी चालतील.

टिकाऊपणासाठी घालायच्या रसायनांचंही तसंच. सोडियम बेन्झोएट आपल्याकडे चालतं म्हणून जपानच्या मार्मालेडमध्ये चालेल असं गृहीत धरू नका. कोणतं रसायन कोणत्या पदार्थात किती चालेल याची त्यांची यादी वेगळी आहे. आणि तुम्ही शेवटी संत्रा बर्फीचा उल्लेख केला आहे, तिच्या मागे सध्या लागू नका. तिच्यात दूध असतं, २०१७ पासून दुग्धजन्य पदार्थ जपानच्या पशु-क्वारंटाइनखाली आले आहेत, आणि खुरकूत रोग असलेल्या देशांतल्या मालावर जादा अटी आहेत. छोट्या कंपनीने सुरुवात तिथून करू नये.

शुल्काच्या बाबतीत उपयोगाचा करार दुसराच आहे. भारत आणि जपान यांच्यातला व्यापक आर्थिक भागीदारी करार १ ऑगस्ट २०११ पासून लागू आहे. तुमच्या मालाचा एचएस क्रमांक, म्हणजे सीमाशुल्कासाठी मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, काढा. रस २००९ मध्ये येतो, मार्मालेड २००७ मध्ये, सालीचं तेल ३३०१ मध्ये. मग त्या क्रमांकाला करारात काय सवलत आहे ते बघा. सवलत हवी तर माल भारतातच तयार झाल्याचं उत्पत्ती प्रमाणपत्र लागतं, आणि ते विदेश व्यापार महासंचालनालयाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून मिळतं. पैसे वाचवणारा कागद हा आहे. मैत्री करारात असं काही नाही.

मग मैत्री कराराचं करायचं काय? माझ्या मते त्यातून घेण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट बाजारपेठ नव्हे, तर त्यांची कामाची पद्धत आहे. वाकायामातले शेतकरी आपल्यासारखेच लहान धारणेचे, त्यात जमीन डोंगरउताराची. तरी त्यांच्या फळाला देशभर नाव आहे. कारण तोडलेलं फळ सहकारी संस्थेच्या एका प्रतवारी केंद्रात येतं. तिथे प्रकाशकिरणांच्या यंत्राने फळ न कापता गोडी मोजतात, आकार आणि डाग तपासतात, आणि त्या प्रतीप्रमाणे प्रत्येक शेतकऱ्याच्या नावावर पैसे जमा होतात. ज्याचं फळ चांगलं त्याला जास्त, आणि ते त्याला आकड्यांत दिसतं. आपल्याकडे नागपूरच्या कळमना बाजारात ढीग लागतो आणि चांगल्या फळाचा भाव वाईट फळाबरोबर बुडतो.

त्यांच्या उमे या आंबट, जर्दाळूच्या जातकुळीतल्या फळाचंही बघा. जपानमधल्या एकूण उमेपैकी निम्म्याहून जास्त वाकायामात होतो. हे फळ कच्चं खात नाहीत. तरी मिनाबे आणि तानाबे हा सगळा भाग त्यावर उभा आहे, कारण खारवून वाळवलेला उमेबोशी, उमेची पेयं असे पदार्थ त्यांनी पिढ्यान्पिढ्या नावारूपाला आणले. त्यांच्या या लागवडपद्धतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१५ मध्ये जागतिक महत्त्वाचा कृषीवारसा म्हणून मान्यता दिली. आपल्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा शिक्का मारलेला किती माल बाजारात दिसतो, याचा विचार प्रत्येक बगीचेवाल्याने करावा. बारीक आणि डागी फळ मातीमोल जातं हे आपलं जुनं दुखणं आहे, आणि त्यावरचा इलाज ज्यांना सापडला त्यांच्याशी आपल्या राज्याची मैत्री आहे. म्हणून मला ही मैत्री मोलाची वाटते.

अर्ज करायचा तर तो यासाठी करा. 'आमचा संत्रा जपानला पाठवा' असं लिहिलेला अर्ज फाइलमध्ये पडून राहतो, कारण वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यावर काहीच करता येत नाही. त्याऐवजी नेमकं मागा. वाकायामातल्या एखाद्या सहकारी प्रतवारी केंद्राशी आमची ऑनलाइन बैठक लावून द्या. पुढचं शिष्टमंडळ महाराष्ट्रात आलं तर त्यांच्या अन्नप्रक्रिया विभागाच्या माणसांना एक दिवस काटोल-नरखेडला आणा. अरिदातल्या एखाद्या रस किंवा मार्मालेड बनवणाऱ्याने आमचा नमुना चाखून अभिप्राय द्यावा. हे अधिकाऱ्याला एका पत्रात जमतं, आणि जमण्यासारखं काम पुढे सरकतं. पत्र कृषी पणन मंडळाच्या नागपूर कार्यालयामार्फत द्या आणि प्रत मंत्रालयात राजशिष्टाचार विभागाला, कारण परदेशी शिष्टमंडळांचे दौरे तिथून ठरतात. यंत्रसामग्रीसाठी पणन मंडळाच्या मॅग्नेट या फळं-भाज्यांच्या विक्रीव्यवस्थेसाठीच्या प्रकल्पाची चौकशी करा, त्यात संत्रा आहे. खरेदीदार शोधायला जपान सरकारची जेट्रो ही व्यापारसंस्था आहे, तिचं कार्यालय मुंबईत आहे. ते नेमकी माहिती असलेल्या पत्राची दखल घेतात. किती माल, कोणत्या महिन्यात, कोणत्या तपासणीसह, हे पहिल्या पानावर असू द्या.

आणखी एक गोष्ट नागपूरकर म्हणून सांगतो. जपानशी आपल्या शहराचं नातं सरकारी कराराहून जुनं आहे. दीक्षाभूमीच्या ओढीने तिथले उपासक इथे येतात. भदंत सुरेई ससाई जपानमध्ये जन्मले आणि त्यांनी आयुष्य नागपुरात घातलं. कामठीचं ड्रॅगन पॅलेस मंदिर १९९९ मध्ये जपानच्या नोरिको ओगावा यांच्या मदतीतून उभं राहिलं. आणि कोयासान हे बौद्ध परंपरेचं मोठं पीठ वाकायामातच आहे. मी हे धंद्यासाठी वापरा म्हणत नाही, श्रद्धेच्या जागी माल विकायला बसू नये. पण जपानी माणूस व्यवहाराआधी ओळख बघतो, घाई करत नाही. 'आम्ही नागपूरचे' म्हटल्यावर समोरच्याला काहीतरी आठवतं, ही सोय राज्यातल्या फार थोड्या शहरांना आहे. तेव्हा तुमच्या माहितीपत्रात गावाचं नाव आधी येऊ द्या, कंपनीचं त्याखाली.

या हंगामात एवढंच करा. ताज्या फळाचा विचार बाजूला ठेवा. ज्यांच्या फवारणीच्या नोंदी पक्क्या आहेत अशा सभासदांचं फळ वेगळं काढा आणि सालीसकट त्याची अंश तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्या, जपानची मर्यादा धरून, भारताची नव्हे. त्याच फळापासून मार्मालेडचा छोटा घाणा रसायन न घालता काढा. तो किती महिने टिकतो ते बघा, आणि तोवर वरचं पत्र देऊन ठेवा. तपासणीचा अहवाल आला की त्यातली औषधांची नावं आणि आकडे इथेच टाका. कोणतं औषध आडवं येतंय आणि ते कोणत्या फवारणीतून आलं असेल, ते बघून पुढचं लिहितो.